बोअरिंग नव्हतं हो, माई!

“काल रात्री तुमच्याकडे बोअरिंग चालू होतं का गं?”

कुंपणापलीकडून माईंचा आवाज आला तेव्हा मी दोरीवरचे कपडे काढत होते. आमच्या दोन घरांच्या मध्ये मेंदीचं कुंपण आहे. कढीपत्त्याच्या झाडाखाली ऊन पोचत नाही, म्हणून तिथली मेंदी मेलीय आणि दोन हातांचं खिंडार पडलंय. ते बुजवायचं दर पावसाळ्यात ठरतं आणि दर पावसाळ्यात राहून जातं. विरजणाची वाटी, वाचून झालेला पेपर आणि गल्लीतल्या बातम्या, सगळ्यांची ये-जा तिथूनच असते ना.

“बोअरिंग नव्हतं हो, माई. गाणं होतं. लेक सुट्टीला आलाय, त्यानं नवा स्पीकर आणलाय.”

“गाणं?” माईंनी वाकवलेली डहाळी सोडून दिली. “मी यांना म्हटलं, दोनशे फूट तरी गेले असतील, अजून पाणी लागलेलं दिसत नाही.”

मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मीच स्वयंपाकघरातून ओरडले होते, मिक्सरचं भांडं नीट बसव म्हणून. पण चार दिवस झाले, चिरंजीव जेवताना दुसरं काही बोलत नाहीत. त्यामुळे माझ्याकडे माहितीचा साठा झालाय, आणि साठा असताना कुंपणापाशी गप्प उभं राहणं माझ्याच्यानं होत नाही.

“नाचासाठी केलेलं गाणं आहे ते,” मी म्हटलं.

एवढं पुरलं. माईंनी बत्तीस वर्षं समोरच्या खोलीत कथक शिकवलंय. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा क्लास बंद केला, पण अजून रस्त्यानं कुणी जिना चढावा तसं चाललं की त्या म्हणतात, हिचा उजवा पाय हलका पडतो. जुन्या विद्यार्थिनींची नावं विसरतात, पाय विसरत नाहीत.

“कुणाचं गं? कुठली आहे?”

“अमेरिकेतली. जेरिलिन पॅटन नाव तिचं, पण लिहिते नुसतं जेलिन. इंडियाना राज्यातल्या गॅरी गावची.”

“मायकेल जॅक्सनचं गाव,” पलीकडून माईंचे यजमान, नाना बोलले. नाना फोर्जिंगच्या कारखान्यातून निवृत्त झाले, डावा कान तिथेच ठेवून आले. पण उजवा कान असा आहे की स्वतःच्या नावाला ओ देत नाहीत आणि पलीकडच्या गप्पा मात्र अख्ख्या ऐकतात. “आणि पोलादाचं. यूएस स्टीलनं वसवलं ते, १९०६ साली. कंपनीच्या साहेबाचं नाव गावाला दिलं. आपलं जमशेदपूर तसं.”

“बरोबर, नाना. आणि ही मुलगीही पोलादाच्याच कारखान्यात कामाला होती.”

“कशात? ऑफिसात?”

“नाही हो, कारखान्यात. पाळीची ड्यूटी. ड्यूटी सांभाळून घरी कॉम्प्युटरवर गाणी करायची. एफएल स्टुडिओ म्हणून एक सॉफ्टवेअर असतं, त्यात. पहिला अल्बम, ‘डार्क एनर्जी’, २०१५ साली आला तो असाच. त्या वर्षी इंग्लंडच्या ‘द वायर’ मासिकानं तो सगळ्या अल्बमांत पहिला ठरवला. मग सोडली तिनं नोकरी.”

“लागलेली नोकरी सोडली?” माईंच्या आवाजात काळजी आणि कौतुक अगदी समसमान होतं. “आईनं सोडू दिली?”

आता आईचा विषय निघालाच होता. ही गोष्ट तर मला फार आवडते. जेलिननं सुरुवातीला एक गाणं केलं, त्यात दुसऱ्या कुणाच्या तरी रेकॉर्डमधला तुकडा कापून घातलेला होता. त्या प्रकारच्या संगीतात तशी पद्धतच आहे. आईला ऐकवलं. आई म्हणाली, छान आहे, पण यात तू कुठे आहेस, तुझा स्वतःचा आवाज कसा आहे? झालं. पोरीनं दुसऱ्यांच्या गाण्यांचे तुकडे वापरणं बंद केलं आणि एकेक आवाज स्वतः घडवायला लागली.

माई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “आमच्या गुरुजींनी मला हेच विचारलं होतं. पण मी तेव्हा सदतिसाव्या वर्षाला पोचले होते.”

मी विषय पुढे नेला. असे क्षण कुंपणावर फार ताणू नयेत.

“तर या शिकागोच्या बाजूला फुटवर्क नावाचा एक नाच आहे, माई. नावच पायांचं. पोरं वर्तुळ करून उभी राहतात, एकेकानं मध्ये यायचं आणि पायांनी दुसऱ्याला हरवायचं. कमरेच्या वरचा देह त्यामानानं शांत, पाय मात्र दिसेनासे होतात.”

“म्हणजे ततकार.”

“हो, मला वाटलंच तुम्ही हे म्हणणार. त्याच नाचासाठी जे संगीत झालं त्यालाही फुटवर्कच म्हणतात. लय मिनिटाला साधारण १६० ठोके.”

माईंचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरला. हिशेब करायला त्यांना कागद लागत नाही. “म्हणजे तीनतालाचं आवर्तन सहा सेकंदांत. बाई गं! अतिद्रुत.”

“तरी ही जेलिन फुटवर्कवाल्यांतही जरा वेगळी निघाली. तिकडची मंडळी म्हणतात, ही पायांपेक्षा डोक्यानं जास्त नाचते. तिला गणिताची फार आवड.”

“तबलजीच झाली म्हणायची.”

*

आता दुसरं पात्र. हे लंडनचं. वेन मॅकग्रेगर, नृत्य बसवणारा. तिथल्या रॉयल बॅलेचा २००६ पासूनचा निवासी नृत्यदिग्दर्शक. आता ‘सर’ झालाय. या गृहस्थानं काय करावं? आत्मचरित्र लिहायचं ठरवलं, पण शब्दांत नाही, नाचात. इथवर ठीक. तर यानं स्वतःचा जिनोम वाचून घेतला, म्हणजे शरीरातल्या पेशीपेशीत आईबापांकडून आलेली जी पोथी असते ती अथपासून इतिपर्यंत.

“पत्रिका मांडून घेतली म्हण की.”

“तशीच. आपल्यात गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात ना, म्हणून नाचाचे भागही तेवीस. ‘ऑटोबायोग्राफी’ नाव. २०१७ च्या ऑक्टोबरात लंडनच्या सॅडलर्स वेल्स थिएटरात पहिला प्रयोग. पण खरी गंमत पुढेच आहे. या तेवीस भागांचा क्रम ठरलेला नाही. त्या जिनोमवर बेतलेला एक अल्गोरिदम आहे, तो प्रत्येक प्रयोगाला नवा क्रम काढून देतो.”

“अल्गो काय?”

मला शब्द सापडेना. लेकानं मला जेवणाच्या ताटावर सांगितलं होतं, आधी भाजी की आधी भात असं काहीतरी, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. पण माईंनीच सोडवलं.

“म्हणजे पोपट,” त्या म्हणाल्या. “एसटी स्टँडबाहेर बसायचा बघ ज्योतिषी. पाकिटांची चळत, पिंजऱ्याचं दार उघडायचं, पोपट तुरुतुरु यायचा आणि चोचीनं एक पाकीट ओढायचा. तसं आज कुठलं पाकीट आधी निघेल तसा नाच.”

मला याहून चांगलं कुणी समजावून सांगितलेलं नाही. अल्गोरिदमला पत्रिका पाठ आहे आणि पोपटाला नाही, एवढाच काय तो फरक. आणि तोही पोपटवाल्याला विचाराल तर तो मान्य करणार नाही.

चिरंजिवांनी मला आकडाही सांगितला होता. तेवीस पत्ते पिसायला घेतले तर किती वेगवेगळे क्रम लागू शकतात? मी म्हटलं असतील हजार-दोन हजार. तर म्हणे दोनावर पाच, मग आठ, असं करत तेवीस आकडी संख्या येते. आपल्या जुन्या मोजदादीत शेवटची पायरी परार्ध, एकावर सतरा शून्यं. तसे अडीच लाखांहून जास्त परार्ध! पोपट दमून मरेल, पण पाकिटं संपायची नाहीत.

“आणि नाचणारे किती?”

“दहा.”

“त्या दहा जिवांना आधी माझा नमस्कार सांग. आमच्याकडे आमद, तोडे, तुकडे, परण असा क्रम ठरलेला असायचा. एकदा एका बाईनं स्टेजवर परण आधी घेतली, तर तबलजी पंधरवडाभर बोलत नव्हता.” मग माईंच्या लक्षात आलं. “अगं पण मग गाण्याचं काय? ते कसं बदलायचं?”

बघा, बत्तीस वर्षं उगाच शिकवलेलं नाही. मला हा प्रश्न चार दिवसांत पडला नव्हता.

या नाचाचं संगीत करायचं होतं त्या गॅरीच्या मुलीला, जेलिनला, आणि तिथेच तर तिची परीक्षा होती. कुठल्याही तुकड्याशेजारी कुठलाही तुकडा येऊ शकतो असं धरून चालायचं. जोरदार ठोक्यांनंतर पुन्हा जोरदार ठोके येतील, नाहीतर एकदम थंड पाण्यात पाय बुडवल्यासारखं काहीतरी. चाळीत नव्यानं राहायला आलेल्या बिऱ्हाडासारखं प्रत्येक तुकड्यानं मिळेल त्या शेजाऱ्याशी जमवून घ्यायचं, पण आपला स्वयंपाक आपल्याच चुलीवर करायचा.

“आणि तिनं नाच पाहिला तरी होता का आधी?”

“पाहिला. एक सूरही लिहायच्या आधी लंडनला गेली आणि दोन दिवस नुसती तालमी बघत बसली. मग परत घरी. तिथे मध्यरात्र उलटल्यावर कामाला बसायची ती सकाळपर्यंत.”

“तुझ्या लेकासारखी.”

“माझा लेक नुसता वाजवतो हो, माई. करत काही नाही.”

इथे नानांनी खुर्ची कुंपणाच्या बाजूला ओढली. त्यांना कारखान्याचा विषय अर्धवट राहिलेला खपत नाही. मी फोन पुढे केला आणि ‘म्युटेशन’ नावाचा तुकडा लावला. नानांनी तो उजव्या कानाला रेडिओसारखा धरला. मला वाटलं आता म्हणतील, हाच तो हॅमरचा आवाज. तिच्याबद्दल लिहिणारा जो तो हेच म्हणतो, पोलादाच्या कारखान्यातली म्हणून आवाजही पोलादी. नानांनी पूर्ण ऐकलं, फोन परत दिला आणि मान हलवली.

“कारखान्याचं काही नाही यात.”

“काय सांगता!”

“प्रेस एकाच लयीत पडते. तेच तेच, आठ तास. त्यानं माणसाला गुंगी येते आणि गुंगीत बोट जातं. हे दर वेळी जागा बदलतंय. यात झोप येणं शक्य नाही. आठ तास ते ऐकून आलेल्या माणसाला घरी येऊन जे ऐकावंसं वाटेल ना, ते हे आहे.” असं म्हणून नाना परत पेपरात शिरले.

मला वाटतं नानांचंच खरं. कारखान्यात जे मिळालं नाही ते तिनं घरी केलं असावं. पण हे आपलं आमचं खिंडारातलं मत.

*

अशा गप्पांचं एक असतं, एका पोरीवरून सुरुवात होते आणि तिचं माहेर-सासर काढत काढत आपल्याच गल्लीत येऊन पोचतो. इथेही तेच झालं. या जेलिनचा आधीचा अल्बम, ‘ब्लॅक ओरिगामी’, २०१७ चा. तो करताना तिच्या मनात एव्हरिल स्टॉर्मी उंगर ही भारतातली नर्तकी होती. दोघींची गाठ पडली अनसाउंड महोत्सवात, आणि तिथून पुढे एकीचं संगीत आणि दुसरीची हालचाल असं जमून गेलं. त्या अल्बमात एका तुकड्याचं नावच ‘नंदी’. आणि आमच्याकडे चार रात्री वाजतोय त्या ‘ऑटोबायोग्राफी’त एक आहे ‘कुंडलिनी’.

“कुंडलिनी!” माई खळखळून हसल्या. “म्हणून माझी झोप उडाली होय.”

“आणि नाच-संगीताचा क्रम असा पोपटाकडून काढून घेणं काही नवं नाही हं, माई. मर्स कनिंगहॅम म्हणून अमेरिकन नर्तक होता आणि जॉन केज संगीतकार. जन्मभराचे जोडीदार. ते तर नाणी उडवून क्रम ठरवायचे. नाच एका खोलीत बसवायचा, संगीत दुसऱ्या खोलीत, आणि दोघांची भेट थेट पडदा उघडल्यावर. केजला भारतीय संगीत शिकवलं कुणी ठाऊक आहे? अहमदाबादच्या गीता साराभाईंनी, न्यूयॉर्कमध्ये, १९४६ साली. त्याच्याकडून त्या पाश्चात्त्य संगीत शिकायच्या, फी कुणी कुणाची घेतली नाही.”

“आपल्या विरजणासारखं.”

“अगदी. पुढे १९६४ साली कनिंगहॅमची अख्खी मंडळी जगाच्या दौऱ्यावर निघाली ती मुंबईलाही आली होती.”

माईंचा चेहरा उतरला. “चौसष्टला मी दादरला होते गं. चौदा वर्षांची. रोज दीड तास रियाज. मला कुणी सांगितलंसुद्धा नाही.”

साठ वर्षांपूर्वीच्या एका चुकलेल्या कार्यक्रमाची हळहळ एवढी ताजी असू शकते, हे मला ठाऊक नव्हतं. त्याच मंडळीतला डेव्हिड ट्युडर १९६९ मध्ये अहमदाबादच्या एनआयडीत मूग सिंथेसायझर घेऊन आला, आणि तिथे आपल्या लोकांनी केलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत फितींमध्ये पडून राहून पन्नास वर्षांनी, २०२३ साली बाहेर आलं, हे मी सांगायला घेतलं होतं. पण माईंचं लक्ष अजून चौसष्टच्या दादरमध्ये होतं, म्हणून आवरतं घेतलं.

“ते जाऊ दे,” शेवटी त्याच म्हणाल्या. “मला एक सांग. तो नाच प्रत्येक वेळी वेगळा. मग हा तुझ्या लेकाकडचा अल्बम कुठला? कुठल्या दिवसाचा?”

यावर मीही विचार केला होता. प्रयोगानंतर वर्षभरानं, २०१८ च्या सप्टेंबरात, प्लॅनेट म्यू नावाच्या कंपनीनं अल्बम काढला. त्यात क्रम आला. पहिला, दुसरा, तिसरा. पोपट उडाला आणि पाकिटं गोंदानं चिकटली. मला ते आधी खटकलं. ज्याची सगळी मजा क्रम नसण्यात, त्याला क्रमात बसवायचं म्हणजे काय? आणि नाचणारे तर नाहीतच. रंगमंचावर वरून धातूच्या पिरॅमिडांची जाळी खाली येते, दिवे बदलतात, दहा देह वळतात, आणि आमच्या घरी काय, तर फ्रिजवर ठेवलेला स्पीकर.

“नुसता लेहरा कुणी ऐकत बसतं का, माई? तसं हे.”

“लेहरा नुसता ऐकायचा नसतोच,” माई म्हणाल्या. “तो भिंत आहे. भिंतीला पाठ लावून नाचायचं. पण पढंत नुसती ऐकता येते. बोल नीट म्हटले तर बसल्या जागी नाच दिसतो. तुझं हे लेहऱ्याच्या जातीचं की पढंतीच्या, ते ऐकल्याशिवाय कसं सांगू? आण इकडे.”

मी आत जाऊन लेकाचे इयरबड आणले. एक माईंच्या कानात, एक माझ्या. मध्ये मेंदीचे खुंट. त्यांनी डोळे मिटले. उजवा अंगठा पेरांवर.

पहिला तुकडा नुसता गेला. दुसऱ्याला अंगठा चालू लागला, अडखळला, पुन्हा पहिल्या पेरावर आला. तिसऱ्या वेळी त्या चिडल्या.

“हिला समच नाही!”

“आहे म्हणतात.”

“गप्प बस जरा.”

मी गप्प बसले. आमच्या डोक्यावर कढीपत्त्याची फळं पिकून काळी झाली होती, एक टपकन माझ्या खांद्यावर पडलं. शेजारच्या गल्लीतून भंगारवाला गेला. इयरबडमध्ये काहीतरी झपाट्यानं तिहाईसारखं तीनदा आलं, मला वाटलं आता धप्पकन आदळणार, आणि तिथे काहीच आलं नाही. नुसती जागा.

माईंनी डोळे उघडले.

“आहे,” त्या म्हणाल्या. “आहे गं सम. पण समेवर ती गप्प राहते. सगळं तिथपर्यंत आणून सोडते आणि स्वतः बाजूला होते.”

“का?”

“का म्हणजे? पाय कुठे पडायचा मग?”

मी परत ऐकलं. आता मला ती रिकामी ठिकाणं एकदम ऐकू यायला लागली, एक, आणखी एक, आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी यायचं राहिलंय असं वाटू लागलं. चार दिवस मला जो गोंगाट वाटत होता त्यात इतकी मोकळी जागा होती. अल्बम अपुरा आहे ही माझी तक्रार होती. ती तक्रार खरीच निघाली, फक्त मला वाटलं होतं त्याच्या उलट बाजूनं.

“पुढचं लाव.”

मी पुढचं लावलं. माईंनी चप्पल काढली. अंगणातल्या धुण्याच्या दगडाला एका हातानं धरलं. मी म्हटलं, माई, गुडघा. त्यांनी ऐकलं नाही, किंवा एका कानात इयरबड असल्यामुळे ऐकलं नाही असं दाखवलं. उजवी टाच उचलली, थांबल्या, वाट बघितली. एक जागा सोडून दिली. दुसरी सोडून दिली. तिसऱ्या जागेवर तळवा फरशीवर पडला, फट्, एकच, इतका नेमका की माझ्या अंगावर काटा आला.

नानांनी पेपर खाली केला.

“काय गं,” ते म्हणाले, “लागलं का पाणी?”